आधी वाचायचं, मग दाबायचं

ठाण्यातल्या एका प्रेससाठी मी घरी बसून प्रुफं तपासते. डोंबिवलीतल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू माझी. तिथे लाल पेन, चष्मा आणि कागदांचा गठ्ठा. वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही. कधी पाककृती, कधी बालगीतं, कधी एखाद्या मंडळाची स्मरणिका. मजकूर समजलाच पाहिजे अशी काही अट नसते. नजर चिन्हांवर ठेवायची. वेलांटी कुठे गेली, अनुस्वार कुठे पडला, अवतरणचिन्ह उघडलं तर मिटलं का. या कामाने मला एक खोड मात्र लावून ठेवली आहे. एखादं चिन्ह जागचं हललेलं दिसलं की मला चैन पडत नाही.

त्या वर्षी गणपती होऊन गेले आणि प्रेसमधून सी प्रोग्रॅमिंगचं एक गाइड आलं. मराठी शाळांतून कॉलेजात गेलेल्या मुलांसाठी होतं. समजावणं मराठीत आणि प्रोग्रॅम इंग्रजीत. प्रोग्रॅममधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन पानं उलटली आणि मी अडले. एका ओळीत j या अक्षरानंतर दोन अधिकची चिन्हं होती. दुसऱ्या ओळीत तीच दोन चिन्हं j च्या आधी बसली होती. यातलं एक नक्की चुकलंय, असं म्हणून मी लाल गोल केला आणि गोल कुठल्यावर ठेवायचा हे विचारायला स्वयंपाकघरात गेले.

तिथे माझी धाकटी जाऊ गवार मोडत बसलेली. तिचं माहेर शहाडचं. माझ्या धाकट्या दिराशी लग्न होऊन ती आमच्या घरात आली त्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली असतील. कामाला वाघ, बोलायला गोड, पण स्वतःबद्दल फार कमी सांगणारी. ती कॉम्प्युटरचं काहीतरी शिकलेली आहे एवढंच मला माहीत होतं.

"अगं, हे जरा बघ," मी कागद तिच्यासमोर धरला. "हे दोन अधिक आधी येतात की नंतर?"

तिने पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"दोन्ही बरोबर आहे, वहिनी. आधी असले तर वेगळा अर्थ, नंतर असले तर वेगळा."

"वेगळा म्हणजे कसा?"

"ते मला नका विचारू." तिने पुन्हा गवारीत मान घातली. "ह्याच पेपरात लटकलेली मी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिने बीएस्सीला आयटी घेतलेलं. पहिल्याच वर्षी सी राहिला. केटी लागली, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा. पुढची वर्षं ती पुढे सरकत गेली, बाकीचे सगळे पेपर सुटले, पण हा एक काही सुटेना. दरवेळी प्रोग्रॅम पाठ करून जायची आणि पेपरात आकडे बदलून यायचे. शेवटचं वर्ष संपलं, लग्न ठरलं, आणि डिग्री तशीच एका पेपरासाठी अडून राहिली. आमच्याकडे कोणाला ती हे बोलली नव्हती. दिराला माहीत होतं, पण 'सोड ना, कशाला ताप' म्हणून त्यानेही तो विषय कधी काढला नव्हता.

"एक पेपर?" मी ओरडलेच. "अगं, फक्त एक पेपर?"

"एकच. पण जाम वाईट पेपर आहे तो."

मला तिची कीव आली नाही, खरं सांगते. मला एकदम उत्साहच चढला. घरात एक अख्खी डिग्री दाराबाहेर उभी होती आणि आम्ही तिला आत घेत नव्हतो! दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी कल्याणला तिच्या कॉलेजात गेले. खिडकीतल्या कारकुनाने कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं की अजून बसता येईल, परीक्षा दिवाळीनंतर. मी म्हटलं, "भर फी."

घरी सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीच्या तोंडावर अभ्यास? मग फराळाचं कोण बघणार?" मी म्हटलं, "आई, दोन्ही बघू." दीर खुर्चीत ताठ बसला आणि बायकोला म्हणाला, "खरंच देतेस? मग मी डबा नेणार नाही, कॅन्टीनमध्ये खाईन. तू सकाळी अभ्यास कर." तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं मी पहिल्यांदा पाहिलं.

आता प्रश्न असा की शिकवणार कोण. क्लास लावायला ती तयार नव्हती. अठरा वर्षांच्या पोरांमध्ये बसायची लाज वाटत होती तिला. मग मी म्हटलं, "तू मला शिकव. मला काहीच येत नाही, म्हणजे मी लाजणार नाही आणि तूही लाजू नकोस." दुपारची भांडी झाली की आम्ही टेबलावर बसू लागलो. गाइडचं प्रुफही तेच आणि अभ्यासही तोच. तिच्या मोबाइलवर प्रोग्रॅम चालवून दाखवणारं एक अ‍ॅप होतं, ते तिने उतरवून घेतलं.

सगळ्यात आधी मी माझा लाल गोल सोडवून घेतला.

"हे बघा," ती म्हणाली, "जे म्हणजे एक डबी. तिच्यात एक आकडा. अधिक अधिक म्हणजे त्यात एक वाढवा. चिन्ह आधी असलं तर आधी वाढवा आणि मग वापरा. चिन्ह नंतर असलं तर आहे तो आकडा आधी वापरा, मग वाढवा."

"एवढंच?"

"एवढंच."

मला हसूच आलं. आमच्या ऱ्हस्व वेलांटीचं बघा, लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. 'कि' लिहिताना हात उलटा जातो आणि लहान मुलं तिथेच अडतात. त्यापेक्षा ही भाषा सरळ होती. चिन्ह जिथे, काम तिथे. मी तिला ते सांगितलं तर ती पण हसली. म्हणाली, "आमच्या सरांनी असं सांगितलं असतं तर!"

एकेरी लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणं, आम्ही दोन दुपारींत संपवले. व्हाइल म्हणजे 'जोपर्यंत'. जोपर्यंत अट खरी, तोपर्यंत आतलं काम करत राहा. मला ते भराभर कळत गेलं, आणि मला कळतंय हे बघून तिला जोर चढत गेला. मी मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारायची. तिला उत्तर द्यावंच लागायचं आणि देता देता ती स्वतःच 'अरे हां!' म्हणायची.

आणि मग आलं ते गाइडमधलं एकतिसावं पान. लूपच्या आत लूप. प्रोग्रॅम एवढासाच होता:

int i = 0, j = 0;
while (i++ < 3) {
    while (j++ < 4)
        printf("* ");
    printf("\n");
}
printf("%d %d", i, j);

खाली प्रश्न होता, आउटपुट लिहा, म्हणजे काय छापलं जाईल ते. printf म्हणजे छाप आणि \n म्हणजे नवी ओळ, एवढं मला तोवर कळलं होतं. मशीन नाही, मोबाइल नाही, पेपरात हातानेच लिहायचं.

"सोपंय," मी म्हटलं. "तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार चांदण्या. आणि शेवटी आय आणि जे, म्हणजे तीन आणि चार."

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. पण तिचा आवाज खात्रीचा नव्हता. "दरवेळी मी असंच लिहून आलेय."

गाइडच्या पाठीमागे उत्तरं होती. तिथे एकच ओळ चांदण्यांची, खाली दोन ओळी कोऱ्या, आणि त्याखाली छापलेलं: 4 7.

मी लगेच लाल पेन उचललं. छापणाऱ्याने दोन ओळी खाल्ल्या असणार आणि सात हा तर उघड उघड चुकीचा आकडा. चार चांदण्यांच्या प्रोग्रॅममध्ये सात येईल कुठून? ती म्हणाली, "थांबा वहिनी, चालवून बघू." तिने मोबाइलवर सगळं टाइप केलं आणि बटण दाबलं.

एक ओळ चांदण्या. दोन कोऱ्या ओळी. 4 7.

मी पेनाचं टोपण लावलं. मशीन आणि गाइड एका बाजूला आणि आम्ही दोघी दुसऱ्या! मला तर एखादी चोरी पकडायची असल्यासारखं वाटायला लागलं. उरलेल्या आठ चांदण्या गेल्या कुठे? आणि तीनाचे चार, चाराचे सात झाले कसे? तिने कागदावर करून पाहिलं, मी करून पाहिलं, दोनदा खाडाखोड झाली. सरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं की आतल्या लूपआधी काहीतरी लिहावं लागतं, पण काय आणि कशासाठी, ते पाठांतरात हरवलं होतं. त्या दिवशी काही सुटलं नाही. ती भाजी आणायला गेली तरी पुटपुटत होती, "सात... सात कसे?"

दुसऱ्या दिवशी करंज्यांचा बेत होता. सारण आदल्या दिवशीच झालेलं. मी पाऱ्या लाटत होते, ती भरून कातत होती, आणि सासूबाई ओट्याजवळ खुर्ची टाकून जप करत बसल्या होत्या. आमच्या सासूबाई माळ ओढत नाहीत. बोटात अंगठीसारखं घालायचं ते बटणाचं यंत्र असतं ना, ते वापरतात. नाव घेतलं की अंगठ्याने दाबायचं, वरचा आकडा एकने वाढतो. त्यांच्याकडे अशी दोन होती. एक लाल, भजनी मंडळात मिळालेलं, आणि एक निळं, नणंदेने आणलेलं.

कातण फिरवता फिरवता तिचा हात मध्येच थांबला. ती सासूबाईंच्या अंगठ्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तुमचं ते यंत्र पाच मिनिटं द्याल?"

"कशाला गं?"

"वाढवायला. आय आणि जे दोघांना वाढवायचंय. लालही द्या."

सासूबाईंना काही कळलं नाही, पण तिचा चेहरा असा उजळलेला होता की त्यांनी बोटातून यंत्र काढलं. मात्र अट घातली. "लाल मीच दाबणार. हे तुमचं काय चाललंय ते मलाही बघू दे."

मग तिने सगळी मांडामांड केली. तीन ताटल्या टेबलावर ओळीने ठेवल्या. ताटली म्हणजे ओळ आणि करंजी म्हणजे चांदणी. लाल यंत्र आय, ते आईंकडे. निळं जे, ते माझ्याकडे. दोन्ही शून्यावर आणली. करंज्या ठेवणार ती. एरवी हळू आवाजात बोलणारी ही मुलगी कमरेला पदर खोचून हुकूम सोडायला लागली.

"नियम नीट ऐका. मी विचारलं की आकडा मोठ्याने वाचायचा. वाचला की लगेच बटण दाबायचं. निर्णय वाचलेल्या आकड्यावर, दाबून झालेल्या नव्हे. आधी वाचायचं, मग दाबायचं. आई, आय किती?"

"शून्य." टक.

"शून्य तीनपेक्षा कमी. चला आत. पहिली ताटली. वहिनी, जे किती?"

"शून्य." टक.

"चारपेक्षा कमी. करंजी." तिने एक करंजी ताटलीत ठेवली. "जे?"

"एक." टक. करंजी. "दोन." टक. करंजी. "तीन." टक. करंजी. ताटलीत चार झाल्या. सासूबाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या.

"जे?"

"चार."

"चार चारपेक्षा कमी आहे?"

"नाही," मी म्हटलं. "संपलं."

"दाबलंत?"

"कशाला दाबू? करंजी नाही ठेवायची ना आता!"

ती जागच्या जागी उडी मारून ओरडली, "तिथेच! वहिनी, तिथेच चुकतोय आपण! दाबायचं! करंजी ठेवायची की नाही हा पुढचा प्रश्न. वाचलं की दाबायचंच, मग उत्तर हो येऊ दे नाही तर नाही!"

माझा अंगठा बटणावरच होता. मी दाबलं. टक. पाच. करंज्या चार आणि यंत्रात पाच. शेवटचा, नाकारलेला प्रश्नसुद्धा मोजला गेला होता. हा एक जादाचा आकडा आम्ही कागदावर दरवेळी गाळत होतो, कारण आमचं डोकं करंज्या मोजत होतं. यंत्र मात्र प्रश्न मोजत होतं.

"पुढे, पुढे!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, आय?"

"एक." टक.

"एक तीनपेक्षा कमी. दुसरी ताटली. वहिनी, जे?"

मी यंत्राकडे पाहिलं. "पाच." टक. सहा झाले.

"पाच चारपेक्षा कमी?"

"नाही गं!"

"मग करंजी नाही." तिने रिकाम्या ताटलीकडे बोट दाखवलं. "ही कोरी ओळ! आई, आय?"

"दोन." टक.

"तिसरी ताटली. जे?"

"सहा." टक. आता माझाच आवाज चढला. "सात! सात झाले!"

"सहा काही चारपेक्षा कमी नाही. तिसरीही कोरी. आई, शेवटचं, आय?"

"तीन," सासूबाईंनी वाचलं, आणि आता त्यांना न सांगताही कळलं. त्यांनी घाईने दाबलं. टक. "चार झाले बघ माझे. पण तीन काही तीनपेक्षा कमी नाही. म्हणजे मी पण संपले!"

चार आणि सात. एका ताटलीत चार करंज्या, दोन ताटल्या रिकाम्या. मोबाइलने आणि गाइडने जे सांगितलं होतं, ते तंतोतंत आमच्या टेबलावर मांडलेलं होतं. आम्ही तिघी एवढ्या जोरात हसलो की शेजारच्या काकू दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "काय झालं? कोण आलं?"

पण तिचं अजून संपलं नव्हतं. ती रिकाम्या ताटल्यांकडे बघत होती. हसू मावळलं, कपाळाला आठी पडली, आणि मग ती फार शांतपणे म्हणाली, "जे परत शून्यावर आलाच नाही. कोणी आणलाच नाही त्याला. मी दरवेळी धरून चालायची की आतला लूप नव्याने सुरू झाला की जे पण नव्याने सुरू होणार. पण त्याला काय माहीत ओळ बदलली? तो आपला जिथे होता तिथेच उभा."

तिने माझ्या बोटातून निळं यंत्र काढून घेतलं. शून्यावर आणलं. "आता बघा. बाहेरच्या लूपमध्ये शिरल्या शिरल्या, आतलं सुरू व्हायच्या आधी, जे शून्य. प्रत्येक ताटलीला." आणि तिने एकटीने, माझं आणि स्वतःचं दोघींचं काम करत, तिन्ही ताटल्या भरून दाखवल्या. चार, चार, चार. शेवटी यंत्र माझ्याकडे केलं. "पाच. सात नाही. कारण शेवटच्या ताटलीला पण शून्यापासून सुरू झालं, आणि शेवटचं नाही म्हणताना एक वाढला."

सरांनी सांगितलेली ती हरवलेली ओळ तिची तिला सापडली होती. तिने पीठ लागलेल्या हातांनीच मोबाइल उचलला, ती ओळ घातली, चालवलं, आणि पडद्यावर तीन ओळी चांदण्यांच्या आल्या. तिने मला मिठी मारली. माझ्या पाठीवर मैद्याचे दोन पंजे उमटले.

"माझा जप कुठवर आला होता ते आता कोण सांगणार?" सासूबाई म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे. त्याला माहीत आहे." आणि तळणीला तेल ठेवायला उठल्या.

त्यानंतर आम्हाला कोणी आवरेना. ती रोज नवे लूप रचायची आणि मला घालायची. चारच्या जागी आय लिहिला तर काय होईल? चिन्ह आधी घेतलं तर? 'पेक्षा कमी'च्या जागी 'किंवा बरोबर' घातलं तर? मी कणीक मळताना तोंडी उत्तरं द्यायची आणि ती मोबाइलवर तपासायची. कधी मी हरायची, कधी मशीनसमोर आम्ही दोघी हरायचो, आणि हरलो की जास्त मजा यायची, कारण मग का हरलो ते शोधायचं असायचं. दीर म्हणायचा, "ह्या घरात आता साधं बोलणं होतच नाही." फराळ मात्र सगळा झाला. चकल्या थोड्या लाल झाल्या, त्याला मी जबाबदार.

गाइडचं प्रुफ मी वेळेत परत पाठवलं. पहिल्या दिवशीचा लाल गोल खोडून शेजारी लिहिलं, 'बरोबर आहे, बदलू नये.'

परीक्षेला मी तिच्याबरोबर कल्याणला गेले. लेखी पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा "आकडे बदलून आलेले" म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. प्रॅक्टिकल आणि तोंडी काही दिवसांनी होती. मी कॉलेजच्या आवारात बाकड्यावर बसून राहिले. आजूबाजूला तिच्यापेक्षा कितीतरी लहान पोरं घोळक्याने उभी होती. एकजण मला म्हणाला, "काकू, तुमची मुलगी आहे का?" मी म्हटलं, "जाऊ आहे माझी." तो गोंधळला. त्याला वाटलं मी कुठेतरी जायला निघालेय.

ती बाहेर आली ती पळतच. गेटसमोरच्या हॉटेलात मी मिसळ मागवली, पण तिने मिसळीला हात लावायच्या आधी सगळं सांगून टाकलं. परीक्षक बाई दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या, चष्मा नाकावर, चेहरा कडक. प्रोग्रॅम नीट चालला. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि चांदण्यांचाच प्रोग्रॅम लिहिला. जे शून्य करायची ओळ जागेवर होती. फक्त आतल्या अटीतल्या चारच्या जागी त्यांनी आय लिहिला.

"आणि विचारलं, 'पहिल्या ओळीत किती?' मी विचार करायला लागले तर म्हणाल्या, 'आय शून्यापासून सुरू होतो हं,' असं मुद्दाम. म्हणजे मी शून्य म्हणावं असं त्यांना वाटत होतं, वहिनी! फसवत होत्या!"

"मग?"

"मी म्हटलं, एक. त्या म्हणाल्या, 'कसं काय? शून्य शून्यापेक्षा कमी असतं का?' मी म्हटलं, मॅडम, अट बघताना आय शून्य होता, पण बघून झाल्या झाल्या तो वाढला. आत पाऊल टाकेपर्यंत तो एक झालेला असतो. म्हणून पहिल्या ओळीत एक, दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत तीन. त्रिकोण होतो."

"मग काय म्हणाल्या?"

"त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मी अंगठा दाबत होते ना, मला कळलंच नाही! विचारलं, 'हे काय करतेस?' मी सांगितलं, घरी जपाच्या यंत्रावर करून पाहिलंय. तर त्यांनी चष्मा काढला आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, 'आमच्या मुलांना मी हेच वर्षभर सांगते, कोणाला पटत नाही.' आणि पुढच्या मुलाला हाक मारली."

तेवढं सांगून झाल्यावर तिने मिसळ खाल्ली. माझीही अर्धी खाल्ली.

निकाल लागला तेव्हा ती डोंबिवलीच्या भाजीबाजारात होती, मेथीची जुडी हातात. मैत्रिणीचा फोन आला की निकाल साइटवर आलाय. तिने तिथेच उभ्या उभ्या नंबर घातला. पान हळूहळू उघडत होतं, तोपर्यंत भाजीवाली म्हणत होती, "ताई, घ्यायची का ठेवायची?" मग तिने एकदम भाजीवालीचा हात धरला आणि म्हणाली, "सुटला! सुटला माझा पेपर!" त्या बाईला काही कळलं नाही, पण तिने वर एक जुडी टाकली. घरी आली तेव्हा दोन्ही जुड्या छातीशी धरलेल्या आणि डोळ्यांतून पाणी. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, तीच वाटली. दीर कामावरून आला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. त्याला फोनवरच कळलं होतं.

पुढे ती ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागली. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचं काम. "म्हणजे तुमचंच काम, वहिनी," ती म्हणाली, "फक्त पेन लाल नाही." पहिल्या दिवशी जाताना तिने माझ्या मोबाइलवर ते अ‍ॅप उतरवून दिलं. "मी नसताना सराव करा," असं बजावून गेली.

त्या दुपारी मी टेबलावर बसले. समोर एका कवितासंग्रहाची प्रुफं होती, ती बाजूला सरकवली आणि आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम एकटीने लिहिला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. बाहेरचा लूप, आतला लूप, चांदण्या, सगळं. जे शून्य करायची ओळही आठवणीने घातली. फक्त ती चुकून आतल्या कंसात गेली.

बटण दाबलं आणि पडदा चांदण्यांनी भरला. एक ओळ संपेना. चांदण्या वरून खाली, खालून आणखी खाली, पडदा सरकतोय, त्या येतच आहेत. मोबाइल तापायला लागला. मी आधी घाबरले आणि मग मला काय झालंय ते कळलं. एक करंजी ठेवली की जे शून्य, एक ठेवली की शून्य. चारापर्यंत तो कधी पोचणारच नव्हता! हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं मला दिसलं होतं.

"आई!" मी हाक मारली. "अहो आई, लवकर या, हे बघा!"

सासूबाई चष्मा चढवत आतून आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकल्या. "अगं बाई! केवढ्या या! थांबव की."

"थांबवते," मी म्हटलं. पण जरा वेळ बघत राहिले.